‘रक्तातच आहे’ असं म्हणण्याआधी

(महासंघाच्या मासिक सभेत झालेल्या बोलण्याचा मजकूर. ज्या ताई सभेला येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी छापत आहोत.)



आज कर्ज, हप्ते आणि वसुली असा विषय नाही. पण विषय वसुलीपासून फार लांबही नाही. ज्या घरचा हप्ता सारखा चुकतो, त्या घरात काय चाललंय हे गटातल्या दहाही जणींना ठाऊक असतं. सभेच्या वहीत मात्र ते कधी येत नाही. वहीत आपण लिहितो, ‘घरगुती अडचण’. आणि त्या घरगुती अडचणीचं नाव कितीतरी वेळा दारू असतं.

गटागटांत बसताना मला दोन वाक्यं सारखी ऐकू येतात. पहिलं, “रक्तातच आहे त्यांच्या. सासरा पीत होता, नवरा पितो, आता पोरगाही पिणार.” दुसरं, “मनात आणलं तर आज सोडतील, पण मनात आणतच नाहीत.” गंमत बघा, ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून, एकाच बैठकीत येतात. रक्तात असेल तर मनात आणून काय होणार? आणि मनात आणून सुटत असेल तर रक्ताला दोष कशाला? दोन्ही वाक्यांत थोडं थोडं खरं आहे. ते किती आणि कुठे, एवढंच आज समजून घेऊ.

आधी रक्ताचं बघू. आई-बापाकडून आपल्याला जनुकं मिळतात. नाक कसं, उंची किती, हे त्यांच्यात लिहिलेलं असतं. माणसाच्या जवळपास प्रत्येक पेशीत अशी वीस हजाराच्या आसपास जनुकं असतात. ती डीएनए नावाच्या लांब धाग्यावर असतात. एका पेशीतला हा धागा उलगडला तर तो सुमारे दोन मीटर भरेल. आणि पेशी तर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही! मग एवढा धागा मावतो कसा? शिवणकाम करणाऱ्या ताई लगेच सांगतील, रिळावर गुंडाळून. तसंच आहे. पेशीत प्रथिनांची बारीक बारीक रिळं असतात, त्यांना हिस्टोन म्हणतात. धागा त्यांच्यावर गुंडाळलेला असतो.

आता रिळावरचा दोरा घट्ट गुंडाळला असेल तर त्याचं टोक सापडत नाही, शिवता येत नाही. सैल असेल तर ओढला की येतो. जनुकांचंही असंच असतं. जिथे धागा घट्ट, तिथलं जनुक गप्प. जिथे सैल, तिथलं कामाला लागतं. घट्ट कुठे करायचं आणि सैल कुठे, हे ठरवणाऱ्या बारीक रासायनिक खुणा असतात. ॲसिटाइल नावाची खूण रिळावर चिकटली की धागा सैल होतो. मिथाइल नावाची खूण धाग्यावर बसली की बहुतेक वेळा तिथलं जनुक बंद राहतं. या खुणांच्या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात. कॉनरॅड वॉडिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाने १९४२ साली हा शब्द वापरात आणला. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. एवढं धरा, की जनुकं जन्मासोबत येतात, पण त्यांच्यावरच्या खुणा आयुष्यभर बदलत राहतात. काय खाल्लं, काय प्यायलं, किती भीतीत दिवस काढले, यावरही त्या बदलतात.

आता व्यसन मेंदूत काय करतं ते सांगते. आपल्या मेंदूच्या आत खोलवर एक बक्षिसाची जागा आहे. भुकेल्या पोटी गरम भाकरी मिळाली, लेकरू गळ्यात पडलं, की तिथे डोपामिन नावाचं द्रव्य सुटतं. ते सांगतं, “हे चांगलं आहे, लक्षात ठेव, परत कर.” दारू, तंबाखू, गांजा, अफू, सगळे पदार्थ याच जागेला हात घालतात. पण लेकराच्या मिठीपेक्षा फार जोरात. रोज रोज तसा धक्का बसला की मेंदूतल्या पेशी आपली मांडणीच बदलतात. काही जनुकं सैल, काही घट्ट. अमेरिकेत एरिक नेस्लर यांच्या गटाने उंदरांवर वर्षानुवर्षं अभ्यास केला. व्यसनी पदार्थ पुन्हा पुन्हा दिले की बक्षिसाच्या जागेत डेल्टा-फॉस-बी नावाचं प्रथिन साठत जातं, आणि पदार्थ बंद केल्यावरही ते कित्येक आठवडे टिकतं, असं त्यांना दिसलं. तेच प्रथिन इतर जनुकांचे धागे सैल-घट्ट करायला लावतं.

दारूची गोष्ट तर आणखी चक्रावणारी आहे. पोटात गेलेल्या दारूचं यकृतात शेवटी ॲसिटेट होतं. व्हिनेगर म्हणजे शिरका, त्यात जे आम्ल असतं त्याच्याच जातीचं हे द्रव्य. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली दाखवलं, की उंदरांमध्ये हेच ॲसिटेट रक्तातून मेंदूत जातं आणि आठवणींच्या भागातल्या रिळांवर खूण म्हणून सरळ चिकटतं. म्हणजे प्यायलेल्या दारूचाच अंश मेंदूतल्या जनुकांवर जाऊन बसतो! ज्या उंदरांत हे चिकटवणारं काम थांबवलं, त्यांना दारू मिळालेल्या जागेची ओढ लागली नाही. आणि गाभण मादीला दारू दिली तेव्हा ती खूण पोटातल्या पिल्लांच्या मेंदूपर्यंत पोहोचलेली दिसली.

म्हणून बघा, सहा महिने न प्यायलेला माणूस बाजाराच्या दिवशी त्याच वळणावर, त्याच टपरीसमोर आला की त्याचे पाय थबकतात. आपण म्हणतो, “बघा, लायकीच नाही.” पण त्याच्या मेंदूत ती जागा, तो वास, ते सोबती, सगळं खुणेने धरून ठेवलेलं असतं. नुसतं ‘मनात आणलं की झालं’ हे वाक्य इथे अपुरं पडतं. मन ज्या मेंदूत आहे त्या मेंदूचीच घडी बदललेली असते.

मग काय, सुटतच नाही का? सुटतं. खुणा लागतात तशा पुसल्याही जातात. तंबाखूच्या धुराचा अभ्यास बघा. २०१६ साली सुमारे सोळा हजार माणसांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध झाली. सिगारेट ओढणाऱ्यांच्या सात हजारांहून जास्त जनुकांवर वेगळ्या खुणा सापडल्या. पण ज्यांनी ओढणं सोडलं, त्यांच्यातल्या बहुतेक खुणा पाच वर्षांच्या आत कधीच न ओढणाऱ्या माणसासारख्या झाल्या होत्या. काही थोड्या मात्र तीस वर्षांनीही तशाच होत्या. या तपासणीत दोन्ही गोष्टी आहेत. सोडलं की शरीर सावरतं. आणि सावरायला वेळ लागतो, आठ-पंधरा दिवसांचं ते काम नाही.

जागा आणि सोबत बदलल्याने काय होतं याचंही मोठं उदाहरण आहे. व्हिएतनामच्या युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी साधारण पाचातला एक जण तिथे असताना हेरॉइनसारख्या अफूच्या पदार्थांच्या आहारी गेला होता. १९७१ साली परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी केला. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यातले शंभरात पाचच्या आसपास पुन्हा त्या आहारी गेले. ना ते वळण, ना ते सोबती, ना ती युद्धाची भीती. आपल्या माणसाला आपण अमेरिकेला पाठवू शकत नाही. पण बाजाराच्या दिवशी त्याच्यासोबत जाणं, मजुरी हातात न घेता खात्यात घेणं, संध्याकाळच्या त्या दोन तासांना दुसरं काम लावणं, हे तर आपल्या हातात आहे.

आता रक्ताचा प्रश्न. जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांतून असं दिसतं, की माणसामाणसांत दारूच्या व्यसनाचा जो धोका कमीजास्त असतो, त्यात साधारण निम्मा वाटा अनुवंशाचा आहे. याचा अर्थ निम्मी पोरं पिणार असा नाही. अर्थ एवढाच, की काही जणांना दारू लवकर चिकटते. पण जे कधी तोंडालाच लावलं नाही ते कुणालाही चिकटत नाही. रान वाळलेलं असलं तरी काडी पेटवावी लागतेच.

बापाच्या व्यसनाच्या खुणा पोरात उतरतात का, हेही शास्त्रज्ञांनी तपासलंय. २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नर उंदरांना कोकेन या मादक पदार्थाची सवय लावली आणि मग त्यांची पिल्लं बघितली. सगळ्यांना वाटलं असतं की पिल्लं जास्त व्यसनी निघतील. झालं उलटंच! नर पिल्लं त्या पदार्थाकडे कमी वळली, आणि मादी पिल्लांत फरक दिसला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण ‘बाप तसा बेटा’ इतका सोपा हिशोब उंदरांतसुद्धा जुळत नाही, हे त्यातून दिसतं. म्हणून सोयरीक जमवताना “त्या घरात बाप पितो, पोरगी नको” असं कुणी बोललं, तर आपण तिथे तोंड उघडायला हवं. आणि घरात चिडून पोराला “तू पण बापासारखाच होणार” असं रोज ऐकवत असू, तर ते आजपासून बंद. ऐकून ऐकून पोरगं तेच आपलं नशीब समजतं.

पोराला जपायचं तर त्याच्या वयाला जपा. कोवळ्या वयात मेंदूची घडी बसत असते. अमेरिकेत शिकागोच्या शास्त्रज्ञांनी वयात येणाऱ्या उंदरांना दारू दिली. ते मोठे झाल्यावर जास्त घाबरट झाले आणि जास्त दारू प्यायले. भीती सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात धागे घट्ट झालेले सापडले. दारू तर कधीच बंद झाली होती, खूण मात्र राहिली होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डेनिस कँडेल आणि नोबेल मिळालेले एरिक कँडेल यांनी सहकाऱ्यांसोबत २०११ साली तंबाखूतल्या निकोटिनचा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना आधी सात दिवस पाण्यातून निकोटिन दिलं आणि मग कोकेन दिलं, तर कोकेनचा परिणाम कितीतरी वाढला. क्रम उलटा केला तर वाढला नाही. निकोटिनने आधीच धागा सैल करून ठेवला होता. शाळेच्या वाटेवर सातवी-आठवीतल्या पोराच्या खिशात पुडी सापडली की आपण म्हणतो, “दारू तर पीत नाही ना, मग ठीक.” या प्रयोगानंतर ते ‘ठीक’ म्हणवत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकणं हा २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ग्रामसंघाने ठराव करून शाळेजवळच्या टपरीवर जायला काय हरकत आहे?

आणि आता थोडं आपल्याकडे वळू. रागावू नका. पुरुषांच्या दारूवर आपण तासभर बोलतो, पण पदराच्या गाठीला मशेरीची डबी असते. “हे काय व्यसन आहे का? दात घासते नुसते.” मशेरी म्हणजे काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच. सकाळी लावली नाही तर डोकं चढतं, पोट साफ होत नाही, चिडचिड होते. दारू पिणारा याच तक्रारी करतो तेव्हा आपण त्याला व्यसनी म्हणतो. २०१६-१७ च्या देशभरच्या पाहणीत शंभरातल्या चौदा प्रौढ बाया कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळल्या. मुंबईत १,२१७ गरोदर बायांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या तंबाखू घेणाऱ्या बहुतेक जणी मशेरीच लावत होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. गरोदरपणी सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या बाळांच्या रक्तात तर जन्मतःच जनुकांवर वेगळ्या खुणा सापडल्या आहेत. लेकराने अजून जग पाहिलेलं नाही आणि त्याच्या वहीत तंबाखूची नोंद झालेली! घरात सून गरोदर असेल तर ही एक गोष्ट तिला प्रेमाने सांगा. सासूबाईंनी स्वतः डबी ठेवली तर सांगायचीही गरज पडणार नाही.

आता गटात काय करायचं? काही गोष्टी नीट लक्षात ठेवा, त्यात जिवाचा प्रश्न आहे.

बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून एकदम दारू बंद करू नका. दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, झटके येणं, भास होणं सुरू होऊ शकतं, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. ही सोडवणूक डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायची असते.

चहात, जेवणात गुपचूप पावडर किंवा गोळी घालू नका. कुणी कितीही खात्री दिली तरी नाही. दारू सोडवण्याच्या एका औषधावर माणूस दारू प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम उतरतो. ज्याला औषधाची कल्पनाच नाही तो पिणारच. मग घात होतो, आणि दोष येतो बाईवर. ते औषध डॉक्टरांनी तपासून, त्या माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.

तो पुन्हा प्यायला तर ‘सगळं वाया गेलं’ असं धरू नका. साखरेचा रोगी एखाद्या लग्नात जिलेबी खाऊन आला म्हणून आपण त्याची गोळी बंद करत नाही. पुन्हा डॉक्टरांकडे न्या. आणि ज्या ताईचा नवरा उपचार घेऊन आलाय, तिच्या कर्जाच्या अर्जावर “तो परत पिईल” म्हणून काट मारण्याआधी तिची स्वतःची बचत आणि परतफेड बघा. कर्ज तिचं आहे, तिच्या नावाने बघा.

आणि हे सगळ्यात ठामपणे सांगते. मेंदूवर खूण आहे म्हणून मारहाण माफ होत नाही. दारू हा आजार आहे, हात उगारणं हा गुन्हा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा पिणाऱ्याला सूट देत नाही. तो पितो यात तुमचा दोष नाही. तुम्ही भाजीत मीठ जास्त घातलं म्हणून कुणी दारुडा होत नाही. त्याला समजून घ्यायचं म्हणजे मार खात बसायचं, असा अर्थ कुणी लावू नका.

२०१९ च्या देशपातळीवरच्या पाहणीनुसार देशात सुमारे पावणेसहा कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. आणि दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या अडतीस जणांत एकालाच काही उपचार मिळतात. बाकीचे सदतीस कुठे आहेत? आपल्याच गावांत, आपल्याच ओसरीवर. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. तिथून बरे होऊन संसाराला लागलेली माणसं महाराष्ट्रभर आहेत. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा फुकट असतात, आणि घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात. सरकारी जिल्हा रुग्णालयात मनोविकाराच्या डॉक्टरांकडे चौकशी करा.

हे नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. बाईवर संकट असेल तर १८१, आणि जिवावर बेतलं असेल तर ११२.

पुढच्या महिन्याच्या सभेला येताना प्रत्येक गटाने दोन नोंदी आणाव्यात. गटातल्या किती जणींनी मशेरी कमी केली किंवा सोडली, आणि किती घरांनी उपचारासाठी पहिला फोन केला. नावं नकोत, फक्त आकडे. आकडा शून्य असला तरी शून्य लिहा. ‘घरगुती अडचण’ असं मात्र यापुढे लिहायचं नाही. अडचणीला तिच्या नावाने हाक मारली तरच तिच्यासाठी ठराव करता येतो.